पोळ्यापुरता बैल

तो बैल आला तेव्हा त्याच्या गळ्यात झेंडूचा हार होता, अंगावर आरशांची झूल होती, आणि त्याला घेऊन आलेल्या पाटलांच्या डोक्यावर गुलाबी फेटा होता. दोघेही लग्नाला निघाल्यासारखे दिसत होते. फरक एवढाच, की दोघांपैकी एकाला धड उभं राहता येत नव्हतं.

आमच्या महिला भजनी मंडळाची त्या दिवशी आश्रमाला भेट होती. लातूरच्या बाहेर, नांदेड रोडला, शहरातल्या काही व्यापाऱ्यांनी मिळून हा प्राणी आश्रम काढलाय. म्हातारी, लंगडी, टाकून दिलेली जनावरं तिथं ठेवतात. भेट म्हणजे काय, तर घरून चपात्या आणि गूळ न्यायचा, गायींच्या तोंडात कोंबायचा, फोटो काढायचे आणि येताना ढाब्यावर जेवायचं. दिवाळी नुकतीच झालेली, त्यामुळे पुण्य मिळवणाऱ्यांची गर्दी फार. एक गाय तर आमच्या हातातली चपाती बघूनच तोंड फिरवत होती. आमच्या मंडळातली एक जण तिच्यामागं फिरत म्हणत होती, "खा गं माय, एक घास खा, फोटोपुरता तरी."

तेवढ्यात टेम्पो आत आला. पाटील मुखेडकडच्या एका गावचे. अंगानं भरलेले, आवाज मोठा. आश्रमाचे अध्यक्ष धावत पुढं गेले. त्यांचं सळया-सिमेंटचं दुकान आहे, आणि माणूस दाता आहे की नाही हे त्यांना चपलेवरून कळतं. फळी लावली, बैल उतरवायला लागले. दोन पावलं टाकली आणि तो पुढच्या गुडघ्यांवर बसलाच.

"नमस्कार घालून राहिला!" पाटील म्हणाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा एकदोन वाजवल्या, खोटं कशाला सांगू.

मग भाषण झालं. "हा बैल न्हाई, आमच्या घरातला मानूस हाय. लई राबला आमच्यासाठी. आता ह्याचे दिवस आरामाचे. बाजारात न्हाई नेला आम्ही, दान देऊन राहिलो." अध्यक्षांनी शाल आणि नारळ दिला. शाल बैलाला नाही, पाटलांना. दात्यांच्या फरशीवर नाव कोरायचं ठरलं. फोटो झाले. आणि निघताना पाटील सोबतच्या माणसाला हळूच म्हणाले, "झूल तेवढी काढून घे रे. घरची हाय."

झूल काढली आणि वास आला.

मानेच्या मागं, जू जिथं बसतं तिथं, त्याच्या खांद्याचं मांस उघडं पडलं होतं. कडा काळ्या पडलेल्या आणि मध्ये काहीतरी हलत होतं. अळ्या होत्या. आमच्या मंडळानं एका तालात नाकाला पदर लावला; भजनात आमचा ताल कधी एवढा जमला नव्हता. पाटलांनी तोवर गाडीची काच वर केली होती.

मी अध्यक्षांना विचारलं, "ह्याचं कोण बघणार?"

"वहिनी, इथं सगळेच सगळ्यांचं बघतात," ते म्हणाले.

पस्तीस वर्षं कापडाच्या दुकानात बसलेय मी. 'सगळेच बघतात' म्हणजे कुणी बघत नाही, हे मला गल्ल्यावर बसूनच कळलंय. आश्रमात कामाला एकच माणूस. त्याला सगळे मामा म्हणायचे. चारा, शेण, पाणी, पंप, गेट, सगळं त्याच्याच गळ्यात. त्यातून उरला वेळ तर अध्यक्षांचे व्हिडिओ काढायचे.

दुसऱ्या दिवशी मी गेले. का गेले म्हणून नंतर पुष्कळांनी विचारलं. दुकान मुलानं आणि सुनेनं हातात घेतलं होतं, "आई, आता तुम्ही आराम करा" असं म्हणून मला गल्ल्यावरून उठवलं होतं, तेव्हा कुणाला वाटेल की ही बाई स्वतःला त्या बैलात बघायला लागली. तसलं काही नव्हतं. मला कुणी जुंपलं नव्हतं आणि माझ्या अंगात अळ्या पडल्या नव्हत्या. मला राग आला होता, एवढंच. माझं माहेर उदगीरकडचं. आमच्याकडे महादेवाच्या आधी नंदीच्या पाठीवर हात ठेवायचा, त्याच्या कानात मागणं सांगायचं. दगडाच्या नंदीला तूप चोळून चोळून आम्ही गुळगुळीत केलाय. मग हाडामासाचा नंदी दारात येऊन पडला की नाकाला पदर लावायचा, हे मला त्या रात्री जेवताना गिळेना.

आमचे मालक म्हणाले, "दुकानात गिऱ्हाइकाशी कधी एवढी माया दाखवली न्हाईस."

"गिऱ्हाईक बोलतं," मी म्हणाले.

सरकारी दवाखान्यातले डॉक्टर आले, तरुण होते, सारखे घड्याळ बघत होते. पण हात चांगला होता. त्यांनी जखमेत औषध सोडलं, चिमट्यानं अळ्या काढल्या, मला म्हणाले, "मावशी, ओकारी आली तर बाजूला जाऊन काढा, जनावरावर नको." मी गेले, ओकले, परत आले. मग त्यांनी वेसण बघितली. नायलॉनची दोरी नाकात इतकी रुतली होती की नाकपुडीचा पडदा अर्धा चिरला होता. त्यांनी ती कापून टाकली. "आता ह्याला परत वेसण घालायची नाही. घातली तर नाक फाटेल."

"मग हा धरायचा कसा?"

"गोड बोलून," डॉक्टर म्हणाले आणि मोटारसायकलला किक मारली.

तर गोड बोलायची जबाबदारी माझ्यावर आली, जिला सगळ्या गल्लीत कुणी गोड म्हटलं नव्हतं. रोज सकाळी रिक्षानं जायचं, लाल औषधाच्या पाण्यानं जखम धुवायची, वरून मलम, माशा बसू नयेत म्हणून कडुनिंबाचं तेल. खुरं वाढून पुढं वळली होती, ती डॉक्टरांनी दोनतीन वेळा येऊन कापली. हिरवा चारा बारीक करून द्यायचा, कारण दाढा झिजल्या होत्या. सरकीची पेंड भिजवून द्यायची. ती मात्र त्याला आवडायची. पेंडीची टोपली दिसली की कान पुढं यायचे.

तो उपकार मानायचा असं समजू नका. जनावराची सेवा केली की ते डोळ्यांत पाणी आणून बघतं, असं आमच्या मंडळातल्या बायकांनी मला सांगितलं होतं. ह्यानं पहिल्याच आठवड्यात माझ्या पायावर पाय दिला. अंगठ्याचं नख गेलं. मी आई-माईवरून शिव्या दिल्या, तो कडबा खात राहिला. अध्यक्ष एकदा मोबाईल घेऊन त्याच्याजवळ गेले, "आता आपण पाहणार आहोत एक मूक जीव..." असं काहीतरी सुरू केलं, तर मूक जीवानं शेपूट अशी फिरवली की शेणाचा पट्टा अध्यक्षांच्या पांढऱ्या सदऱ्यावर उजव्या खांद्यापासून डाव्या खिशापर्यंत. तो व्हिडिओ आश्रमाच्या पानावर आला नाही. मामाकडे मात्र आहे.

त्याला नाव काय ते कुणी सांगितलं नव्हतं. फरशीवर पाटलांचं नाव ठळक कोरलं होतं, त्याखाली 'यांजकडून एक बैल'. मग मामा त्याला पाटीलच म्हणायला लागला. "अक्का, पाटलानं रात्री पानी पिलं न्हाई." "पाटलाला जुलाब लागलेत." "आज पाटील लई खूश हाय, गव्हाण चाटून राहिला." मीही म्हणायला लागले. एक दिवस खरंच एक पाटील देणगी द्यायला आले होते, आणि मामा गेटवरून ओरडला, "अक्का, पाटील शेनात बसलाय, उठवा त्याला!" ते पाटील देणगी न देताच गेले.

बैलाकडे लोक फारसे यायचे नाहीत. वाढदिवसाचा गूळ गायीला, अमावास्येची पुरणपोळी गायीला, परदेशात गेलेल्या मुलाच्या नावानं चारा तोही गायीला. बैल दूध देत नाही, वासरू देत नाही, आणि फोटोत अंगावर आल्यासारखा दिसतो. आमच्या मंडळातल्या एकीनं मला मनापासून विचारलं, "बैलाला दिलं तर पुण्य लागतं का हो?"

"लागतं. निम्मं," मी म्हणाले.

तिनं खरंच निम्मी चपाती दिली.

उन्हाळा कसाबसा गेला. पाऊस पडला, आश्रमाच्या मागच्या माळावर गवत आलं, आणि पाटील बदलायला लागला. देवणी जातीचा होता तो. पांढऱ्या अंगावरचे काळे डाग धूळ गेल्यावर दिसायला लागले. मानेला मांस आलं. खांद्याची जखम भरली. तिथं केस मात्र आले नाहीत, हाताच्या पंजाएवढी गुलाबी, गुळगुळीत कातडी राहिली. मान हलवत माळावरून यायला लागला की मामा म्हणायचा, "बगा, पाटील फेरफटका मारून आले."

पोळ्याच्या चारपाच दिवस आधी गेटाशी मोठी पांढरी गाडी थांबली. आतून दोन पायांचे पाटील उतरले, सोबत दोघं. अध्यक्ष आधीच येऊन बसले होते, म्हणजे फोन झालेला होता.

पाटलांनी बैलाकडे बघितलं आणि क्षणभर त्यांना ओळखच पटली नाही. "हा आमचा?"

"तुमचा कसा? तुम्ही दान दिला," मी म्हणाले.

"हाव, तसंच म्हंतो मी. तब्येत लई झाक केली तुम्ही." मग खुर्ची ओढून बसले आणि गोष्ट सांगितली. गावात पोळ्याचा मान त्यांच्या घराकडे. वेशीत तोरण बांधतात, त्याखालून पहिला बैल पाटलांचा जातो, मग गावाचे. बापजाद्यांपासून. पण पाटलांकडे आता ट्रॅक्टर, बैल एकही नाही. गावात जोडी राहिली ती एकट्या चुलतभावाची. त्यानं गावात सांगितलं होतं, ज्याच्या दावणीला बैल त्याचा मान. "आता तुम्हीच सांगा अक्का, आमच्या घरचा मान त्या भाड्यानं घेऊन जावा का?"

"बाजारातून एखादा आणा ना दिवसापुरता."

"भाड्याचा बैल मानाला चालतो व्हय? घरचा लागतो." आणि बैलाकडे हात केला. "हा घरचा हाय."

मला हसू आवरेना. अध्यक्षांनी डोळे मोठे केले. ते म्हणाले, "वहिनी, आपली परंपरा आहे. शिवाय आश्रमाचं नाव होईल. बॅनर लावतील ते." बॅनरचा शब्द निघाल्यावर पुढं बोलण्यात अर्थ नव्हता. मी चार गोष्टी मान्य करून घेतल्या. बैलासोबत मी आणि मामा येणार. वेसण घालायची नाही. मानेवर जू ठेवायचं नाही, दाखवायलासुद्धा. दिवस मावळायच्या आत परत.

"बाईमानूस पोळ्याला बैलासोबत?" पाटलांसोबतचा एक जण म्हणाला.

"मग बाईमाणसाशिवाय घेऊन जा," मी म्हणाले. "धरून दाखवा."

तो गेला धरायला. बैलानं शिंग नुसतं तिरकं केलं. तो परत येऊन खुर्चीत बसला.

पोळ्याच्या दिवशी टेम्पोत गवत अंथरलं, पेंडीचं पोतं घेतलं आणि निघालो. अहमदपूर मागं टाकलं. रस्त्यानं ट्रॅक्टर धुऊन त्यांना हार घातलेले दिसत होते. बैल कुठंकुठं. गावात पोचलो तर वेशीवर आश्रमाचा बॅनर, त्यात अध्यक्ष, पाटील आणि एक गाय. बैलाचा फोटो मिळाला नाही म्हणे.

पाटलांच्या माणसांनी बैल धुतला, शिंगांना हिंगूळ लावला, बेगड चिकटवली, डोक्याला बाशिंग बांधलं. ती झूलही आली, आरशांची. मग एक म्हातारा हळद आणि तूप घेऊन आला. आदल्या संध्याकाळी करायची खांदेमळण, बैल नव्हता म्हणून राहिलेली, ती आज करायची होती. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्यावर तूप-हळद चोळायची आणि जेवायला या म्हणून आवतण द्यायचं. म्हाताऱ्याचा हात त्या गुलाबी कातडीवर आला आणि थांबला. त्यानं पाटलांकडे बघितलं. पाटील तोरणाकडे बघत होते. म्हाताऱ्यानं मग ती कातडी सोडून आजूबाजूला तूप चोळलं. "आवतण घ्या," तो पुटपुटला, पण बैलाला म्हणाला की स्वतःच्या सुटकेसाठी म्हणाला, कळलं नाही.

वाजंत्री सुरू झाली. तोरणाच्या अलीकडे सगळं गाव. पुढं आमचा, त्याच्या मागं चुलतभावाची जोडी, गुबगुबीत, शिंगांना गोंडे. तो चुलतभाऊ मिशीत हसत उभा. पाटलांनी तोंडाभोवती बांधलेल्या म्होरकीचा दोर हातात घेतला, फेटा सारखा केला आणि पुढं निघाले. दोर ताणला गेला. बैल जागेवर.

पाटलांनी ओढलं. तो जागेवरच. वाजंत्रीवाल्यांनी जोर केला. तो आणखी जागेवर. मागून दोघांनी ढकललं, त्यानं लाथ झाडली. ताशाचा आवाज ऐकून त्याचे डोळे पांढरे झाले होते, मी मामाला ताशा थांबवायला पाठवलं. पाटलांच्या कपाळावर घाम आला. ते दातओठ खाऊन बोलले, "वेसन असती तर बगितलं असतं."

लोक ओरडायला लागले. "चला की पाटील!" आणि ताशा थांबवून परत आलेला आमचा मामा, बिचारा, सवयीनं, बैलाच्या पाठीवर थाप मारून मोठ्यानं म्हणाला, "पाटील, हाल की रे! नुसतं खाऊन माजलास काय!"

मग कुणीतरी मागून फिसकन हसलं, आणि मग सगळी वेस हसायला लागली. चुलतभाऊ तर आपल्या बैलाच्या मानेवर डोकं टेकून हसत होता. मामा विचारत होता, "काय झालं? काय झालं?"

मला पाटलांची दया येईल असं वाटलं होतं. आली नाही. पण बैल उन्हात उभा होता, आणि ती झूल जड होती. मी पेंडीची टोपली घेतली, पाटलांच्या हातातून दोर काढला आणि तोरणाखालून चालायला लागले. मागं खुरांचा आवाज आला. डोक्यावरून पदर, हातात टोपली, मागं बाशिंग बांधलेला बैल, त्याच्या मागं रिकाम्या हातांचे पाटील. अशी त्या घराण्याच्या मानाची मिरवणूक निघाली. कुणी म्हणालं, "बाईनं मान नेला." दुसरा म्हणाला, "बैलानं नेला, बाईनं न्हाई." तेवढ्यात बैलाला वर आंब्याची पानं दिसली. त्यानं मान वर केली, तोरणाला तोंड घातलं आणि एक हिसका मारला. अर्धं तोरण खाली. तो ते चावत चावत मारुतीच्या देवळाकडे निघाला. मागच्या जोडीला जायला धड तोरण राहिलंच नाही. त्यावरून नंतर भांडण झालं म्हणतात.

पाटलांच्या दारात पाटलीणबाई तांब्या आणि ताट घेऊन उभ्या होत्या. मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते. बारीक अंगाच्या, चष्मा, हातात हिरवा चुडा. त्यांनी बैलाच्या पायांवर पाणी घातलं, कुंकू लावलं. मंगलाष्टकं कुणीतरी घाईघाईनं म्हटली. मग त्यांनी पुरणपोळी पुढं केली, ती त्यानं खाल्ली. त्यांनी त्याच्या कानामागं खाजवलं तर त्यानं मान खाली घातली. माझ्यासाठी त्यानं कधी घातली नव्हती. मला जरा लागलं ते.

झूल सरकली होती, ती नीट करताना त्यांचा हात त्या कातडीवर गेला. त्या माझ्याकडे न बघता हळू आवाजात बोलायला लागल्या. "ह्याचा जोडीदार मेला. मग शेजाऱ्याच्या बैलासंगं जुंपून राहिले ह्याला. तो बुटका. सगळं वझं ह्याच्याच खांद्यावर. मी म्हनलं, बसवा त्याला. तर म्हनले, कोळपनी व्हऊ दे. मग म्हनले, पेरनी व्हऊ दे." त्यांनी झुलीची कड सारखी केली. "मी माहेराला गेल्ते. आले तर दावन रिकामी. कुठं गेला म्हनलं, तर शालीतला फोटो दाखवला."

"बरा आहे आता," मी म्हणाले.

"दिसतंय की." मग त्यांनी आणखी एक पोळी घातली. "पाय दिला का तुमच्या पायावर?"

"नख गेलं."

"माझी दोन गेली," त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदा हसल्या.

ओसरीवर मात्र वेगळंच शिजत होतं. गावातले चार मोठे लोक चहा पिताना म्हणाले होते, काही म्हणा, जनावर देखणं आहे, पाटलाच्या दारात शोभतं. हसणं विरलं होतं, 'शोभतं' तेवढं पाटलांच्या डोक्यात राहिलं. ते बाहेर आले. "अक्का, आम्ही ठरवलंय. राहू द्या त्याला हितंच. घरचा जीव घरी."

मी म्हणाले, तुम्ही दान दिलाय. ते म्हणाले, अध्यक्षांशी बोला. फोन लावून माझ्या हातात दिला. अध्यक्ष म्हणत होते, "वहिनी, द्या ना, दाते आहेत आपले, तेवढाच एकाचा चारा वाचेल..." मी म्हणाले, "ऐकू येत नाही, इथं रेंज नाही," आणि फोन परत दिला. रेंज भरपूर होती.

तेव्हा पाटलीणबाई पुढं आल्या. आवाज चढवला नाही, पण ओसरीवरच्या चौघांना ऐकू जाईल एवढा ठेवला. "दान दिल्यालं परत घेतेत व्हय? आपल्या घरात कवा घेतलं?"

पाटील म्हणाले, "तू आत जा."

"जाते की. पर फरशीवर नाव कोरलंय म्हनले तुमचं. ते बी खोडून आनावं लागंल मग."

खांदेमळण करणारा म्हातारा चौघांतच होता. त्यानं कप खाली ठेवला. "बरोबर बोलली ती," एवढंच म्हणाला. बाकीच्यांनी माना हलवल्या, कारण मान हलवायला काही लागत नाही. पाटलांनी फेटा काढून खुंटीला अडकवला आणि आत गेले ते आम्ही निघेपर्यंत बाहेर आले नाहीत.

पाटलीणबाईंनी स्वतः फळीवरून बैलाला वर चढवलं, पाठीवर हात ठेवून, दोर न धरता. मला म्हणाल्या, "लवकर जा. आज ठेवून घेतील, चार दिस मिरवतील. मग कोळपनी यीलच की."

झूल काढून मी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती घडी घातली आणि टेम्पोत बैलाच्या पायाशी टाकली. "थंडीत घाला," म्हणाल्या. आरसे काढून मामानं खरंच थंडीत घातली.

वेशीतला व्हिडिओ कुणीतरी फिरवला. त्यानंतर अध्यक्षांना नवी कल्पना सुचली. बैल नसलेली गावं मराठवाड्यात काय कमी आहेत? पोळ्याला एका दिवसासाठी 'सेवाभावी' बैल द्यायचा, देणगी ऐच्छिक. त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "वहिनी, टोपली घेऊन तुम्ही जाल ना?" मी काय म्हणाले ते इथं लिहीत नाही, मामा त्यानंतर दोन दिवस माझ्याशी अदबीनं बोलत होता. कल्पना बारगळली. आमचं भजनी मंडळ मात्र आता बैलालाही पूर्ण चपाती देतं, कारण तो मोबाईलवर आला. पुण्याचा दर वाढला.

पाटलांनी पुढच्या वर्षी तोरणाखालून ट्रॅक्टर नेला. बोनेटला बाशिंग बांधलं होतं. चुलतभावानं हरकत घेतली, तेव्हा पाटील म्हणाले म्हणे, हा तरी ऐकतो. हे मला पाटलीणबाईंनी सांगितलं.

त्या येतात अधूनमधून. मुखेडहून एसटीनं, घरी डोळ्यांच्या डॉक्टरचं नाव सांगून. त्यांचे डोळे आता इतक्या वेळा तपासून झालेत की त्यांना भिंतीपलीकडचं दिसायला हवं. नाक्यावरून रिक्षा करतात, डब्यात भाकरी-ठेचा असतो माझ्यासाठीही. आम्ही लिंबाखाली पोत्यावर बसतो. बोलायचे विषय ठरलेले: त्यांचे ते, माझे हे, माझी सून, त्यांचे गुडघे. मागच्या खेपेला त्या म्हणाल्या, "अक्का, तुम्ही लई वाईट बोलता हो मानसाबद्दल."

"तुम्ही ऐकता म्हणून."

बैल समोरच रवंथ करत बसला होता. ऊन वळलं तशी सावली आमच्यावरून सरकून गोठ्याच्या भिंतीकडे गेली, तसा तोही उठून तिकडे गेला आणि आमच्याकडे पाठ करून बसला. पाटलीणबाई हातानं डोळ्यांवर आडोसा करून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "उठा, आपुन बी तिकडं जाऊ. हितं ऊन लागायलंय."

आम्ही पोतं उचललं आणि गेलो.